औषध दवाखान्याचं, सावड गावाची



या अंकातून आपण दर वेळी बेण्याची निवड, लागणीचे अंतर, खोडव्याची निगा, तोडणीचा कार्यक्रम आणि उसाचा हप्ता यांविषयी वाचता. उसावर लोकरी मावा दिसला तर गट ऑफिसात कुणाला गाठावे, गाय गाभण राहीना तर कुठल्या डॉक्टरला बोलवावे, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. पण घरातल्या तरण्याताठ्या माणसाचे मन आजारी पडले तर काय करावे, हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. पाहुणे आले की त्या माणसाला मागच्या सोप्यात बसवायचे, बहिणीची सोयरीक मोडेल म्हणून शेजाऱ्यालाही कळू द्यायचे नाही आणि वर्षामागून वर्षे ढकलायची, असा रिवाज पडून गेला आहे. म्हणून आज शेतीचा विषय बाजूला ठेवून आम्ही या विषयाला हात घालीत आहोत.

कुणी म्हणेल, ही शहरातली दुखणी, आपल्याकडे कुठली? तर थोडा हिशेब करून पाहू. स्किझोफ्रेनिया नावाचा जो मोठा मानसिक आजार आहे, तो जगात साधारण तीनशे माणसांमागे एकाला असतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहा हजार सभासदांचा एखादा कारखाना धरा. घरटी चारच माणसे मोजली तरी चाळीस हजार होतात. म्हणजे त्या एका कारखान्याच्या कार्यक्षेत्रात या एकाच आजाराची सव्वाशेच्या वर माणसे असणार. ती गेली कुठे? ती कुठे गेलेली नाहीत. घराघरांतून आहेत, फक्त दिसत नाहीत.

आजार ओळखायचा कसा

या आजाराची सुरुवात बहुधा पंधरा ते तीस या वयात होते, म्हणजे ऐन कामाच्या वयात. पोरगा रात्र-रात्र जागतो, एकटाच पुटपुटतो, कुणी नसताना कुणाचे तरी बोलणे ऐकू येते म्हणतो. शेजारी आपल्या वाईटावर आहेत, जेवणात काहीतरी घातले आहे, असा संशय घेतो. अंघोळ सोडतो, मित्र सोडतो. दुसरा एक आजार असा की काही आठवडे माणूस नको इतका आनंदात, झोप नाही, पैशाची उधळण, मोठमोठे बेत. आणि मग काही आठवडे पार खचलेला, अंथरुणातून न उठणारा. त्याला आता बायपोलर म्हणतात.

हे आजार मेंदूच्या कामकाजात बिघाड झाल्याने होतात. काही अंशी ते घराण्यातून येतात आणि त्यात ताण, गांजासारखे व्यसन, सततचे जागरण यांची भर पडते. करणी, बाहेरची बाधा किंवा मागल्या जन्मीचे पाप यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. आईबापाने लाड केले किंवा मारले म्हणून पोरगा असा झाला, हेही खरे नव्हे. देवाला नवस बोलू नये असे आम्ही म्हणत नाही. ज्याची त्याची श्रद्धा. पण नवस बोलायचा तो गोळी चालू ठेवून बोलावा.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी नीट समजून घ्यायला हवी. औषधाने आवाज थांबतात, संशय कमी होतो, झोप लागते. पण माणूस नुसता बसून राहतो. उठ म्हटले तर उठतो, जेव म्हटले तर जेवतो, आपणहून काही करीत नाही. घरचे म्हणतात, “आता बरा झालाय, नुसता आळशीपणा करतोय.” हा आळस नव्हे. उमेद मरणे हे या आजाराचेच एक लक्षण आहे, आणि त्यावर गोळीचा गुण फारसा येत नाही. इथे दवाखान्याची हद्द संपते आणि गावाची सुरू होते.

दावे सुटले, पण पुढे काय?

आमच्या पाहण्यातले एक घर सांगतो. गावाचे आणि माणसांचे नाव घेत नाही. साडेतीन एकर बागायत, दोन म्हशी, आईबाप आणि दोन मुले. धाकटा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आजारी पडला. दोन वर्षे भगत आणि ठाणी यांत गेली. एकदा त्याने वडिलांच्या अंगावर खुरपे उगारले, तेव्हा त्याला गोठ्यात म्हशींशेजारी दाव्याने बांधला. आई तिथेच ताट नेऊन ठेवी. शेवटी त्याचा मामा त्याला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. औषध लागू पडले, महिना-दीड महिन्यात पोरगा शांत झाला आणि दावे सुटले.

पण दावे सुटून तो बसला तो ओसरीवरच. दिवसभर तिथेच. आठ महिन्यांनी गावची जत्रा आली. जत्रेत पोरगं बरं दिसलं म्हणून कुणीतरी म्हणाले, “एवढ्या गोळ्या खाऊन आतडी जळतील, आता बंद करा.” गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांत आजार होता त्याहून जोरात उलटला. पुन्हा दवाखाना, पुन्हा गोळ्या, पुन्हा ओसरी.

दुसऱ्या खेपेला मामाने एक केले. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचे काम त्याच्याकडे लावून दिले. सुरुवातीला मामाचा मुलगा बरोबर जाई. मग अर्ध्या वाटेपर्यंत, मग एकटाच. पहिले काही दिवस डेअरीतली पोरे फिदीफिदी हसली. तिथल्या सचिवाने त्यांना दम दिला आणि याला नावाने हाक मारून किटली मापायला घेतली. पुढे संस्थेत त्याच्या नावाचे खाते काढले, दर दहा दिवसांचे बिल त्याच्या हातात पडू लागले. पहिल्या बिलातून त्याने आईला चपला आणल्या. आज तो गोळ्या घेतो, दूध घालतो, म्हशींची वैरण बघतो, घरच्या उसाचे पाचट ओढतो. आवाज अजून कधीकधी येतात, पण त्यांच्याकडे लक्ष द्यायचे नाही हे तो शिकला आहे. पूर्वीसारखा झाला का? नाही झाला. पण घरातला एक हात झाला.

डॉक्टर लोक ज्याला समाजाधारित पुनर्वसन म्हणतात, ते हेच. भारी शब्द आहे, पण अर्थ साधा आहे. आजारी माणसाला त्याच्या गावातून उचलून लांब नेऊन ठेवायचे नाही. औषध चालू ठेवून त्याच गावात त्याला काम, सोबत आणि मान परत मिळवून द्यायचा. आपल्या जुन्या भाषेत याला सावड म्हणता येईल. एकाचे औत दुसऱ्याच्या रानात, दुसऱ्याचे पहिल्याच्या रानात. एकट्याला न उरकणारे काम चौघांनी मिळून उरकायचे.

गीलचे शेतकरी

ही कल्पना काल-परवाची नाही, आणि ती डॉक्टरांआधी शेतकऱ्यांनी करून दाखवली आहे. युरोपात बेल्जियम नावाचा छोटा देश आहे. तिथे गील नावाचे गाव आहे. या गावात डिम्फ्ना नावाच्या संत स्त्रीचे देऊळ आहे, आणि तिच्या कृपेने वेड बरे होते अशा श्रद्धेने तेराव्या शतकापासून लांबलांबून लोक आपली माणसे घेऊन तिथे येत. देवळात जागा पुरेना, तेव्हा आसपासच्या शेतकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घ्यायला सुरुवात केली. माणूस घरच्यांबरोबर जेवायचा, शेतात झेपेल ते काम करायचा, गाई राखायचा. कित्येक जण तिथेच राहिले, म्हातारे झाले. यजमान गेला की त्याच्या मुलाने त्यांना सांभाळले.

एकोणिसाव्या शतकात सरकारने यात लक्ष घातले. यजमानाला खर्चाचे पैसे मिळू लागले, देखरेखीला डॉक्टर आले आणि गावात दवाखाना झाला. १९३८ साली या एका गावात घराघरांतून राहणाऱ्या अशा माणसांची संख्या ३,७०० च्या वर होती. यजमान कुटुंबाला आजाराचे नाव सांगत नसत. माणूस कसा आहे, त्याला काय आवडते, कशाने तो बिथरतो, एवढे कळले की त्यांचे भागे. पुढे शेतीत यंत्रे आली, बायामाणसे बाहेर नोकरीला जाऊ लागली, उपचाराच्या दुसऱ्या सोयी झाल्या, आणि ही संख्या शे-दोनशेच्या घरात उतरली. पण प्रथा मोडलेली नाही. २०२३ साली युनेस्कोने या परंपरेची दखल घेऊन जतनाच्या चांगल्या पद्धतींच्या यादीत तिची नोंद केली.

परक्या माणसाला घरात घेणारे ते शेतकरी आपल्यापेक्षा फार शिकलेले नव्हते. आपल्याला तर परका माणूस घरात घ्यायचाच नाही. आपलाच आहे, त्याला ओसरीवरून उठवायचा आहे.

आपल्या देशातला रस्ता

आपल्याकडेही हे काम नव्याने सुरू करायचे आहे असे नाही. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या घरच्यांना तिथे राहायला बोलावले. रुग्णाला कसे सांभाळावे हे घरचे तिथेच शिकले आणि आपला माणूस घेऊन परत गेले. त्याच सुमारास तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही घरच्यांसह रुग्ण ठेवण्याची सोय केली. १९७५ च्या सुमारास बंगळूरजवळ सकलवाडा आणि हरियाणात रायपूर राणी इथे खेड्यातच उपचार पोहोचवता येतात का ते पाहिले गेले. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. १९८५ पासून कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवून गोळ्या गावाजवळ मिळू लागल्या. त्या नमुन्यावरच १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशभर पसरत गेला.

याच रस्त्यात एक काळा दिवसही आहे. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी इथे दर्ग्याच्या आसऱ्याने खाजगी लोकांनी मनोरुग्णांसाठी झोपड्या चालवल्या होत्या. रात्री माणसांना साखळीने खांबाला बांधून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशा एका झोपडीला आग लागली. साखळ्या सुटल्या नाहीत. अठ्ठावीस माणसे बांधलेल्या जागी जळून मेली. त्यांना तिथे आणून सोडणारी बहुतेक घरे तुमच्या-आमच्यासारखीच होती. ती दुष्ट नव्हती, थकलेली होती. म्हणून एकट्या घराला दोष देऊन भागत नाही. ज्या घराला सावड मिळत नाही, ते घर शेवटी साखळीकडे जाते.

ऊसपट्ट्यातला अनुभव

आता आपल्या मुलखाकडे येऊ. तमिळनाडू, गोवा आणि आपला सातारा अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकातल्या नामांकित नियतकालिकात छापून आला. काही रुग्णांना नेहमीप्रमाणे दवाखान्यातले उपचार मिळाले. बाकीच्यांना दवाखान्याबरोबर घरी येणारा कार्यकर्ताही मिळाला.

हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. शाळा शिकलेली, माणसांशी बरे बोलणारी स्थानिक माणसे निवडली आणि त्यांना सहा आठवडे शिकवले. ते घरी जात, आजार समजावून सांगत, गोळ्या नियमित घेतल्या जातात का ते बघत, अंघोळ-जेवण-कामाची घडी बसवायला मदत करीत, सरकारी सवलतीची कागदपत्रे करून देत, आणि रुग्णांना व घरच्यांना एकमेकांशी जोडून देत. अडले की वर मानसोपचारतज्ज्ञ होतेच.

वर्षाअखेरी काय दिसले? ज्यांच्या घरी कार्यकर्ता जात होता त्यांचा त्रास आणि परावलंबन इतरांपेक्षा थोडे अधिक कमी झाले. फरक फार मोठा नव्हता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. तमिळनाडूच्या ग्रामीण भागात तो जास्त उठून दिसला. तिथे आधीच्या उपचाराच्या सोयी कमी होत्या. चमत्काराची आशा कुणी करू नये. पण दहावी शिकलेला गावचा माणूस सहा आठवड्यांत शिकून हे काम करू शकतो, एवढे त्यातून पक्के झाले. आपल्या प्रत्येक गावात अशी चार माणसे निघतील की नाही?

सावड कशी करावी

आता कामाचे बोलू. खाली जे सांगतो ते डॉक्टरी सल्ल्याच्या जागी घेऊ नये, जोडीला घ्यावे.

पहिली गोष्ट औषधाची. बरे वाटले म्हणून गोळी सोडू नये. आजार एकदाच झाला असेल तरी बरे वाटल्यावर वर्ष-दोन वर्षे, आणि पुन्हापुन्हा उलटत असेल तर त्याहून जास्त काळ औषध लागते. कधी थांबवायचे ते डॉक्टर ठरवतील. खोडवा आहे म्हणून ज्याने पाणी-खताकडे पाठ फिरवली त्याचे टनेज काय उतरते, हे आपण जाणता. तसेच हे. गोळीने सुस्ती येत असेल, हात कापत असतील, वजन वाढत असेल तर ते डॉक्टरला सांगावे. गोळी बदलता येते, मात्रा कमी-जास्त करता येते. रोज गोळी घ्यायला कुरकूर असेल तर काही औषधे पंधरवड्याला किंवा महिन्याला एका इंजेक्शनातही मिळतात.

दुसरी गोष्ट कामाची. काम लहान, ठरल्या वेळेचे आणि दुसऱ्याच्या नजरेला पडेल असे असावे. जनावरांना पाणी दाखवणे, दूध घालणे, पाचट ओढणे, कोंबड्या, परसातली भाजी, दुकानात बसणे. आधी अर्धा तास, मग तास, मग अर्धा दिवस. काम चुकले तर पुन्हा दाखवावे. आणि कामाचे पैसे त्याच्या हातात द्यावेत. “खातोय ना घरात, पैसे कशाला?” हे बोलणे माणसाची उमेद मारते.

तिसरी गोष्ट झोपेची. आपल्याकडे पंपाची लाईट पुष्कळदा रात्री असते. अशा माणसाला, विशेषतः बायपोलर असेल तर, रात्रीच्या पाण्याच्या पाळीला लावू नये. जागरणाने आजार उलटतो. रात्रीची पाळी भावाने किंवा शेजाऱ्याने घ्यावी, त्याने दिवसा त्यांचे काम फेडावे. ही खरी सावड.

चौथी गोष्ट धोक्याची. गोळीची सुस्ती असेपर्यंत कडबाकुट्टी, ट्रॅक्टर आणि विहिरीचा काठ यांपासून लांब ठेवावे. उन्हाळ्यात उन्हाच्या कामाला जपावे. लिथियमच्या गोळ्या चालू असतील तर पाणी भरपूर प्यावे आणि डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासून घ्यावे, कारण अंगातले पाणी कमी झाले की ते औषध बाधते. तणनाशक, कीटकनाशक कुलपात ठेवावे आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे असावी. ही सूचना प्रत्येक शेतकरी घराला लागू आहे. कुणी जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागले तर ते धमकी समजून उडवून लावू नये. जवळ बसावे, एकटे सोडू नये आणि लगेच दवाखाना गाठावा.

पाचवी गोष्ट बोलण्याची. ज्या घरात आजाऱ्याला सतत टोचून बोलतात तिथे आजार लवकर उलटतो, हे अनेक देशांत तपासून पाहिले गेले आहे. फार काळजीने त्याला हाताखालून हलू न देणे, हेही तितकेच वाईट. गावानेही ‘येडा’, ‘सरकलेला’ ही विशेषणे सोडावीत. त्याला नाव आहे, त्या नावाने हाक मारावी.

आणि एक गोष्ट सांभाळणाऱ्या बाईची. घरोघरी हे ओझे आई, बायको किंवा वहिनी यांच्यावर पडते. ती कधी माहेरी जात नाही, लग्नाकार्याला जात नाही. शेजारणींनी आठवड्यातून एक दुपार तिच्या घरी बसायचे ठरवले तरी ती थोडा मोकळा श्वास घेईल.

लग्न, सही आणि सातबारा

दोन गोष्टी आम्हांस स्पष्टच बोलायच्या आहेत. त्या काही जणांना आवडणार नाहीत.

“लग्न लावून दिलं की ताळ्यावर येईल” या समजुतीने आजार लपवून लग्ने होतात. लग्न हे औषध नव्हे. त्यात दुसऱ्याच्या लेकीचे किंवा लेकाचे आयुष्य गुंतते, आणि सून आजारी निघाली तर तिला गोळ्यांसकट माहेरी नेऊन घालतात. औषधावर नीट असलेली कित्येक माणसे चांगला संसार करतात. पण ते दोन्हीकडून सारे सांगून-सवरून झालेले असावे.

दुसरी गोष्ट इस्टेटीची. आजारी भावाला गाडीत घालून तालुक्याला न्यायचे, कागदावर अंगठा किंवा सही घ्यायची, आणि सातबाऱ्यावरून त्याचे नाव गेले की मग त्याची भाकरीही जड व्हायची, असे प्रकार घडतात. आपण शेअरचे मालक आहोत, म्हणून हे आपल्याला कळले पाहिजे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून अंमलात आला. एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो भ्रमिष्ट ठरत नाही, ते ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा, असे हा कायदा म्हणतो. माणसाला साखळीने बांधायला त्यात मनाई आहे. समाजात राहण्याचा हक्क त्याला आहे, आणि केवळ घरच्यांनी नाकारले म्हणून त्याला रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही. रस्त्यावर कुणी असा बेवारस फिरताना दिसला तर त्याला संरक्षणाखाली घेऊन दवाखान्यात नेण्याची जबाबदारी पोलीस ठाण्यावर आहे. अशा रस्त्यावरच्या माणसांना उपचार करून आपापल्या घरी पोहोचवण्याच्या कामाबद्दल कर्जतच्या डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे अनेकांच्या वाचनात असेल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. अपंगत्व चाळीस टक्के किंवा जास्त ठरले तर दाखला मिळतो आणि त्यावर सवलतींसाठी अर्ज करता येतो. दाखल्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात आणि योजनांची चौकशी तहसील कार्यालयात करावी.

हंगामाला येणारी माणसे

गळीत हंगाम सुरू झाला की शेकडो बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-टोळ्या आपल्या शिवारात उतरतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातला एक जण आजारी असला की कोयता मोडतो आणि घेतलेली उचल अंगावर राहते. गोळीने झोप येते, पहाटे फडावर उठवत नाही, म्हणून गोळी बंद करतात. शिवाय गावाकडच्या दवाखान्याची गोळी इथे कुठे मिळते हेही त्यांना ठाऊक नसते. त्यांच्याच हातांनी आपला ऊस गाडीत चढतो. मुकादमांनी हंगामाच्या सुरुवातीलाच अशा मजुराची चिठ्ठी पाहून त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवून आणावे. जिल्हा रुग्णालयाशी बोलून हंगामाच्या आरंभी टोळ्यांच्या तळावर एक तपासणी शिबिर भरवता येईल का, हा विषय संचालक मंडळापुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

गटवार आणखी एक काम होण्यासारखे आहे. शेतकी मदतनीस आणि चिटबॉय यांचा पाय घरटी फिरतो. कुणाचा ऊस केव्हा लागला हे त्यांना जसे ठाऊक असते, तसे कुठल्या घरात कोण ओसरीवर बसून आहे हेही ठाऊक असते. त्यांनी चौकशा करून गवगवा करू नये. फक्त त्या घराला आशा सेविकेची गाठ घालून द्यावी. आणि ‘टेली-मानस’ची माहिती द्यावी. १४४१६ हा त्याचा नंबर. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे. फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. माणूस अनावर झाला असेल तर कोयता-खुरपी आधी बाजूला करावीत, भोवतीची गर्दी पांगवावी, हळू बोलावे आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. पण एवढे ध्यानात असू द्या की, असे प्रसंग थोडे असतात. हा आजार असलेली बहुतेक माणसे कुणाच्या वाटेला जात नाहीत. लोकच त्यांच्या वाटेला जातात.

‘विना सहकार नाही उद्धार’ हे वाक्य आपण सभासंमेलनातून नेहमी ऐकतो. एकट्याला काढता न येणारा कारखाना पाच-पाच, दहा-दहा एकरांच्या शेतकऱ्यांनी मिळून उभा केला, तो याच भरवशावर. ओसरीवर बसून असलेला माणूसही कुणाचा तरी वारस आहे, उद्याचा सभासद आहे. येत्या आठवड्यात आपल्या भावकीत, वस्तीवर असे एखादे घर असेल तर तिथे जा. चहा मागून घ्या. त्या माणसाशी हवापाण्याचे, उसाचे दोन शब्द बोला, आणि निघताना त्याच्या आईला विचारा, “गोळ्या आणायला शनिवारी तालुक्याला जायचंय का? मी जाणार आहे, बरोबर घेऊन जातो.”